दोन बोटं आखूड पाय

हॉलमध्ये साठ माणसं होती आणि साठही जण एका बाईच्या टाचांकडे टक लावून पाहत होते. बाई टेबलावर उताणी झोपलेली. तिच्या दोन्ही टाचा हाडं बसवून देणाऱ्या हाडगुरूंच्या हातात, आणि उजवी टाच डावीपेक्षा चक्क दोन बोटं वर.

“बघा,” हाडगुरू म्हणाले. “कंबर का दुखते? पाय आखूड. पाय आखूड का? मणका रुसलाय. मणका म्हणजे सरकारी कारकून. एक जागेवरून उठला की अख्खं खातं बंद.”

लोक हसले. गुरूंनी डोळे मिटले, कमरेखाली हात घालून तेल चोळलं, पहिल्या रांगेला वारा लागेल एवढा मोठा श्वास घेतला आणि टाचा पुन्हा जुळवल्या. अगदी सारख्या. हॉलभर ‘आहाहा’ झालं.

टेबलापाशी उभा असलेला बाईंचा नवरा धंद्याने शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणत. बायकोच्या पायजम्याचे दोन्ही पाय ते तीस वर्षं एकाच मापाने कापत आले होते आणि एकही पाय कधी वर गेला नव्हता. त्यांच्या मनात पाल चुकचुकली. पण बायको उठून बसली होती आणि कित्येक महिन्यांनी हसत होती. मास्तर गप्प राहिले.

गुरूंची अट एकच. “एक्स-रे काढायचा नाही. बसवलेलं हाड किरणांनी पुन्हा उठतं.” कंबर दाखवायला आधी ज्यांच्याकडे गेले होते, त्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रेसाठी दिलेला कागद मास्तरांनी सुयांच्या डब्याखाली सारला. मग दर आठवड्याला बाईंचा पाय न चुकता आखूड होऊन यायचा आणि गुरू तो न चुकता लांब करायचे. इतका वक्तशीर पाय कुणी पाहिला नसेल. कंबर दोन दिवस बरी वाटायची, मग पुन्हा ठणकायची.

सातव्या महिन्यात एका सकाळी बाईंना पाय उचलताच येईना.

आता एक्स-रे काढावाच लागला. मणक्यात गाठ होती. डॉक्टरीणबाई फिल्मकडे बघत हळू आवाजात म्हणाल्या, “मी कागद दिला तेव्हा ही लहान असणार. तेव्हा बहुधा काढता आली असती. आता दुखणं कमी ठेवायचं, एवढंच आपल्या हातात आहे.”

दुकान तरी उघडावंच लागत होतं. चार दिवसांनी एक गिऱ्हाईक पँट नाचवत आलं. “मास्तर, डावा पाय आखूड शिवलात.”

“कमरेत तिरकी धरलीय तुम्ही,” मास्तर वर न बघता म्हणाले. “सरळ धरा.”

गिऱ्हाइकाने सरळ धरली. दोन्ही पाय सारखे. ते ओशाळून हसलं आणि निघून गेलं. मास्तरांनी मशीनवरची टेप उचलून खिशात टाकली. ‘तिरकी धरलीय, सरळ धरा’ हे वाक्य ते आठवड्यातून दोनदा तरी म्हणत असत.

गुरूंच्या पुढच्या बैठकीला ते एकटेच गेले. टेबलावर एक म्हातारे पोस्टमन होते, डावी टाच दोन बोटं वर.

“तसंच धरा, गुरुजी,” मास्तर पुढे झाले. कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत त्यांनी टेप लावली. “हा चौतीस इंच. आणि हाही चौतीस. पाय आखूड नाही, कंबर तिरकी केलीय. दोन्ही पाय जोडून हळूच एका बाजूला नेले की एक टाच वर जाते. मधे आणले की झाला चमत्कार. मी करून दाखवतो, तेही तोंड मिटून.”

आणि त्यांनी करून दाखवलं. पोस्टमनचा डावा पाय आखूड झाला, मग उजवा झाला, मग दोन्ही एकदम बरे झाले.

“ज्याचा विश्वास नाही त्याला गुण येत नाही,” हाडगुरू म्हणाले.

“तिचा होता,” मास्तर म्हणाले.

मागून एक बाई चाचरत बोलल्या, “पण मास्तर, चोळून घेतल्यावर मला बरं वाटतं हो.”

“वाटणारच, ताई. थकल्या अंगाला हात हवाच. चोळून घ्या. पण दुखणं हटत नसेल तर आधी डॉक्टर गाठा. आणि ‘तपासू नका’ असं जो सांगेल, त्याच्या दारात पुन्हा उभ्या राहू नका.”

घरी येऊन ते बायकोच्या उशाशी बसले आणि सगळं सांगितलं. तिने पांघरुणाखालच्या आपल्या पायांकडे पाहिलं.

“म्हणजे माझे पाय पहिल्यापासून सारखेच होते?”

“सारखेच होते.”

“तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं?”

मास्तरांनी होकारार्थी मान हलवली.

“मग अहो, तुम्ही तिथे बोलला का नाहीत?”

ती रागावली नव्हती. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

म्हणून सांगणं एवढंच की आपल्याला जे माहीत आहे, ते त्याच वेळी बोलावं. साठ माणसं माना डोलवत असली तरी बोलावं. आपलं माणूस हसत असेल आणि ते हसू मावळेल असं वाटलं, तरीही बोलावं.