वहीतली पट्टी

ते गाणं सोपं आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी ते एकदा स्टेजवर वाजवून दाखवावं. तीन कॉर्ड, संथ चाल, शाळकरी पोरंसुद्धा गुणगुणतात. मूळ गाणारीनं ते असं म्हटलंय, जणू खिडकीत बसून भाजी निवडतेय. पण ते वाजवायला गेलेल्या निम्म्या बँडचं वाटोळं झालेलं मी पाहिलंय. शेवटच्या कडव्यात एक वरचा सूर आहे. तो लागला नाही की मुसळ केरात.

आमचं बारा वर्षं तेच चाललं होतं. गाणारी माझी ताई. ड्रमवर भाऊजी, म्हणजे तिचा नवरा. गिटार माझी आणि बँडही माझाच, कारण कान माझा. घरच्या कॅसेट प्लेअरवर ऐकून मी गाणी बसवायचो आणि कॉर्ड, पट्टी, लय सगळं वहीत लिहायचो. नियम असा होता, की गाणं एकदा वहीत चढलं की मूळ गाणं पुन्हा ऐकायचं नाही. ऐकलं की माणूस नक्कल करायला लागतो, असं माझं म्हणणं. या नियमाचा मला भारी अभिमान होता.

वहीत या गाण्यासमोर लिहिलं होतं ‘पांढरी सहा’. म्हणजे पेटीवरची सहावी पांढरी पट्टी, ताईनं सा तिथून धरायचा. बाकीचे बँड तेच गाणं पांढरी पाचमध्ये, म्हणजे अख्खा एक सूर खालून गायचे. मी भाऊजींना कोपरानं ढोसायचो. “बघा घाबरट. पट्टी उतरवली.”

एकदा ताई बसमधून उतरून थेट माझ्याकडे आली. “अरे, रेडिओवर आपलं ते गाणं लागलं होतं. मला जरा खालचं वाटलं.”

“रेडिओवाल्यांची यंत्रं जुनी झालीत,” मी म्हटलं. “आणि ताई, नाचता येईना अंगण वाकडं.”

ती हसली आणि तो विषय संपला. पुन्हा तिनं तो कधी काढला नाही.

ताई बालवाडीत शिकवते. रविवारी कार्यक्रम झाला की मंगळवारपर्यंत तिला मुलांशी खाणाखुणांनीच बोलावं लागायचं. गेल्या महिन्यात घशाच्या डॉक्टरांनी तपासलं. स्वरतंतूंवर गाठी धरल्या होत्या. “आवाज ओढून गाता तुम्ही. ते थांबवा, नाहीतर बोलणंही जाईल,” असं ते म्हणाले. ताईनं घरी येऊन शांतपणे सांगितलं, “ग्रंथालयाच्या कार्यक्रमात शेवटचं बघते. तो सूर लागला तर उपचार करून पुढचा विचार करीन. नाही लागला तर माझा गळाच त्या लायकीचा नाही असं समजेन आणि गाणं सोडेन.”

त्यावर मी म्हणालो, “रियाज कमी पडतोय तुझा.” हे मी खरंच म्हणालो.

कार्यक्रम दुपारी चारला होता. तीन वाजता मी स्टेजवर गिटार जुळवून बसलो होतो. स्पीकर तपासायला म्हाताऱ्या साउंडवाल्यानं आपलं तबकड्यांचं मशीन आणि जुन्या तबकड्या आणल्या होत्या. “तुमचंच गाणं लावतो,” म्हणाला. पहिली ओळ ऐकली आणि माझं डोकं फिरलं.

“अहो, मशीन हळू चालतंय तुमचं.”

तो म्हातारा रागावला नाही. त्यानं मला जवळ बोलावलं. फिरत्या थाळीच्या कडेला बारीक ठिपक्यांची ओळ होती. वेग बरोबर असला की तिथल्या छोट्या दिव्यात हे ठिपके जागच्या जागी थांबलेले दिसतात, असं त्यानं सांगितलं. ठिपके थांबलेले होते, एकही हलत नव्हता.

मी गिटारवर सूर शोधला. पांढरी पाच.

“दुसरी लावा,” मी म्हटलं. तेही आमच्या वहीतलं गाणं, तेही एक सूर खाली. तिसरं, तेही. माझ्या तोंडचं पाणी पळालं. घरचा कॅसेट प्लेअर मी जुना घेतला होता. त्याची मोटर मीच बदलली होती. मोटरच्या पाठीला वेगाचा एक इवलासा स्क्रू असतो, तो मी गाणं ठसठशीत वाटेपर्यंत फिरवला होता. कानानं. टेप जोरात फिरली की सूरही वर चढतो. कॅसेटवरचे आवाज बारीक यायचे तेव्हा मी म्हणायचो, जुन्या गायकांचे गळेच तसे. आमचा प्लेअर पहिल्या दिवसापासून पळत होता आणि त्याच्यामागे आम्ही पळत होतो. अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते मीच वाकडं केलं होतं.

भाऊजी मागे उभे राहून सगळं ऐकत होते. “तरीच मला प्रत्येक गाण्यात धाप लागायची,” एवढंच म्हणाले.

खोटं कशाला बोलू, माझ्या मनात आलं की गुपचूप खालच्या पट्टीत वाजवावं. सूर लागेल, ताई खूश होईल, माझी अब्रूही झाकली जाईल. भाऊजींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

“तू सांगतोस, की मी सांगू?”

ताई आतल्या खोलीत गरम पाण्याची वाफ घेत बसली होती. मी सांगितलं. तिनं डोक्यावरचा टॉवेल बाजूला केला.

“हे एकच गाणं?”

“वहीतली चाळीसच्या चाळीस.”

“मी तुला सांगितलं होतं, रेडिओवर खालचं वाटलं म्हणून.”

“हो.”

 ती अगदी हळू बोलली, “रोज सकाळी आरशात तोंड उघडून मी या घशाला शिव्या दिल्यात रे. बारा वर्षं.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

चार वाजता आम्ही ते पांढरी पाचमध्ये आणि संथ लयीत वाजवलं. शेवटचं कडवं आलं. ताईनं डोळेही मिटले नाहीत, मानही ताणली नाही. तो सूर आला, गोल, भरलेला, आणि तिला हवा तेवढा वेळ थांबला. माझा कॉर्ड चुकला, बारा वर्षांत पहिल्यांदा. मी माझ्या बहिणीचा आवाज तोवर ऐकलाच नव्हता. मी ऐकत होतो तो तिचा त्रास होता, आणि त्यालाच तिचा आवाज समजून नावं ठेवत होतो.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. आत आल्यावर ताई पाणी प्यायली, तिनं केस नीट केले.

“ताई, आता गाणं सोडणार नाहीस ना?”

“नाही. घसा बरा झाला की गाणार.” तिनं पिशवी खुर्चीवर ठेवली. “पण तुझ्याबरोबर नाही.”

तिचा राग उतरल्यावर बोलू, असं मी स्वतःला बजावलं. पण तिच्या आवाजात राग नव्हताच. मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांनी ड्रमच्या काठ्या रुमालानं पुसल्या आणि ताईच्या पिशवीत ठेवल्या.