लोखंड आकसतं तेवढं

कासोंडेने नमुन्यावर बोट टेकवलं आणि बोट आत गेलं.

तो तसाच उभा राहिला. चौतीस वर्षं लाकडाचे नमुने करणाऱ्या माणसाला एवढं तरी कळतं, की लाकडात बोट असं जात नाही.

"काय झालं, बा कासोंडे?" मॅनेजर सिम्विंगाने गोदामाच्या दारातून विचारलं. 'बा' म्हणजे बेंबा भाषेतलं 'राव'.

"वाळवी."

"किती खाल्लंय?"

"सगळं."

"अहो, अख्खा तर दिसतोय!"

"तो रंग आहे, साहेब."

आणि खरोखरच तो रंग होता. वाळवीने लाकूड शेवटच्या कणापर्यंत संपवलं होतं, पण वरच्या लाल रंगाला तोंड लावलं नव्हतं. गोदामाच्या वहीत हा नमुना 'सुस्थितीत' होता. दर जानेवारीला कुणीतरी दारातून डोकावून तशी खूण करत असे. सिम्विंगाला शिंक आली आणि उरलेला नमुनाही खाली बसला.

किट्वे या खाणींच्या शहरातल्या त्या फाउंड्रीत, वाळूत दाबून लोखंड ओतायचे साचे उमटवणारे असे लाकडी नमुने शेकड्यांनी होते, पण हा इंपेलरचा होता. इंपेलर म्हणजे पंपाच्या पोटात फिरून पाणी वर ढकलणारं चाक. दोन तबकड्या आणि त्यांच्या मधोमध दडलेली सहा वळणदार पाती. खाणीच्या तळाशी असे तीन पंप होते. एक बंद पडला होता, एक धापा टाकत होता आणि तिसरा एकटाच राबत होता. पाणी रोज वीतभर चढत होतं. पुढच्या शुक्रवारी नवं चाक ओतायचं ठरलं होतं.

खाणीने जुनं चाक नमुन्यादाखल पाठवलं, तर ते चघळून टाकलेल्या उसाच्या कांडीसारखं. मूळ ड्रॉइंग मागे एका पाहुण्याला चौकटीत घालून भेट दिलं होतं. पाहुणा कुठल्या देशाचा, यावर अजून एकमत नव्हतं. म्हणजे त्या चाकाचा आकार आता जगात एकाच ठिकाणी उरला होता, कासोंडेच्या डोक्यात. आणि ते डोकं महिनाअखेर निवृत्त होणार होतं.

"जेरेकडे जा," सिम्विंगा म्हणाला. "ती कॉम्प्युटरवर काढेल. तुम्ही नुसतं सांगा."

तियामिके जेरे म्हणजे डिझाइन विभाग. विभागात ती होती, एक कॉम्प्युटर होता आणि एक शिवणयंत्र होतं, जे कुणीच आपलं म्हणत नव्हतं. ती न्गोनी जमातीची, कासोंडे बेंबा जमातीचा. ही दोन माणसं थट्टेच्या नात्याची. एकमेकांचा अपमान करणं हा त्यांचा पिढीजात हक्क, आणि तो न करणं म्हणजे उद्धटपणा.

"या, माकडखाऊ," ती म्हणाली. "स्क्रीनला हात लावायचा नाही. बोटांना जेवणाचा वास असेल."

"तुमच्याकडचे खायचे उंदीर संपले वाटतं? म्हणून लोकांच्या नोकऱ्या कुरतडायला बसलीस?"

"बसा. बाहेरचा व्यास सांगा."

कासोंडेने डोळे मिटले. "सहाशे चाळीस."

"पाण्याचं तोंड?"

"दोनशे नव्वद."

तो सांगत गेला, ती टिपत गेली. कुठे अडलं नाही. मग तिने विचारलं, "पातं कसं वळतं?" आणि गाडी थांबली. कासोंडेने हवेत हात फिरवला. तिने हवेकडे पाहिलं.

"हे कॉम्प्युटरला कसं सांगू? 'असं' म्हणून?"

"असंच आहे ते."

शेवटी तिने भिंतीला मोठा कागद चिकटवला आणि त्याच्या हातात पेन्सिल दिली. त्याने पुन्हा डोळे मिटले आणि खांद्यापासून हात फिरवून एकच रेघ ओढली. कॉम्प्युटरवाल्या माणसाला संशय हा असायचाच. तिने दुसरा कागद लावून आणखी एकदा काढायला लावली. मग दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले. बाहेर ऊन होतं. दोन रेघांची एकच रेघ दिसत होती.

जेरेने दोन्ही कागद जपून गुंडाळले आणि अपमान करायचा राहूनच गेला. किट्वेतल्या न्गोनींच्या हिशेबाने हा विक्रम असावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्याला बोलावलं. स्क्रीनवर चाक होतं. त्याचंच चाक, करड्या रंगाचं, हवेत लटकलेलं. तिने बोट हलवलं तसं ते वळलं. खालून दिसलं, बाजूने दिसलं. मग तिने ते मधोमध कापलं.

दोन तबकड्यांच्या मधली ती अंधारी वाट त्याने चौतीस वर्षं हाताने घडवली होती, पण सबंध कधी बघितली नव्हती. लाकडात ती उलटी असायची, वाळूत झाकलेली आणि लोखंडात बंद. तिथे आजवर फक्त पाणी गेलं होतं. आता तो तिच्यात उभा राहून दोन्हीकडे बघत असल्यासारखं त्याला वाटलं. त्याने नकळत टोपी काढली.

"परत जोड," तो हळूच म्हणाला.

"का हो?"

"जोड गं."

तिने जोडलं.

"आता परत काप."

असं त्या सकाळी एकोणीस वेळा झालं. जेरेने मोजलं होतं.

संध्याकाळी तिने मापांचा कागद त्याच्या बाकावर आणून ठेवला. कासोंडेने वाचलं. बाहेरचा व्यास सहाशे सेहेचाळीस पूर्णांक चार. आपण तर सहाशे चाळीस सांगितलं होतं! त्याने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. एरवी त्याने तो कागद घेऊन तिच्या सात पिढ्या उद्धारल्या असत्या. पण ज्या यंत्राने चाकाच्या आत पाहिलं, त्याला काहीतरी जास्त दिसलं असणार. आपण कोण त्याला विचारणारे? त्याने पितळी पट्टी उचलली आणि सहाशे सेहेचाळीस पूर्णांक चारावर खूण केली.

आठवडाभर तो रंधा मारत होता. बुधवारी जेरे पूर्ण मापाचा छापील कागद घेऊन आली आणि तयार लाकडी चाकावर तिने तो पसरला. लाकूड कागदाबाहेर डोकावत होतं. चहूबाजूंनी तीन-तीन मिलिमीटर.

"बा कासोंडे, हे मोठं झालंय."

"तुझा कागद लहान झालाय."

"कागद कसा लहान होईल? धुतलाय का मी तो?"

"तुम्हा लोकांचा काय भरवसा, खाल्लाही असशील कडेकडेने!"

सिम्विंगा धावत आला आणि दोघांना शांत करण्यासाठी दोघांपेक्षा मोठ्याने ओरडला. ओतायला दोन दिवस उरले होते, आणि मोठं चाक पंपात शिरलं नसतं. जेरेने आपली पोलादी पट्टी काढली, त्याची पितळी पट्टी ओढून घेतली आणि शून्याला शून्य लावून दोन्ही शेजारी ठेवल्या. सुरुवातीला आकडे हातात हात घालून चालले. पुढे पितळेचे मागे पडत गेले. शेवटी मीटरच्या टोकाला सेंटिमीटरभर फरक.

"तुमची पट्टी खोटी आहे," ती म्हणाली. आवाजात दया होती.

"खोटी? लोखंड थंड होताना शंभराला एक आकसतं. या पट्टीत ते आकसणं आधीच धरलंय. तुझी पट्टी आज काय आहे ते सांगते. माझी सांगते, लोखंड थंड झाल्यावर काय असेल."

जेरे पट्टीकडे बघत राहिली. मग खुर्ची नव्हती म्हणून लाकडाच्या भुशातच बसली.

"बा कासोंडे, ते आकसणं मीसुद्धा धरलं होतं. म्हणून तर सहाशे सेहेचाळीस पूर्णांक चार."

"मग सांगायचंस ना!"

"डोळे मिटून रेघ ओढणाऱ्या माणसाला सांगू, की लोखंड आकसतं? आणि तुम्ही का नाही विचारलंत? आकडा तुमचा नव्हता!"

कासोंडेने टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. "मला वाटलं, त्याला माझ्यापेक्षा जास्त दिसतं."

"कुणाला? त्याला? अहो, त्याला तुम्ही सांगितलं तेवढंच दिसतं."

सिम्विंगाला यातलं अर्धं कळलं, पण आकसणं दोनदा धरलं गेलं, दोघंही बरोबर होती म्हणून चाक चुकलं, एवढं त्याच्या ध्यानात आलं. असली चूक कुणाच्या नावावर टाकायची, हे फाउंड्रीच्या नियमांत नव्हतं.

बरं एवढंच, की लाकूड जास्त होतं. जास्तीचं काढता येतं. आतल्या वाटा ज्यांत वाळूने घडवायच्या त्या लाकडी पेट्या अजून व्हायच्या होत्या. कासोंडेने पटाशी घेतली, जेरे शेजारी कागद धरून बसली. ती "अजून" म्हणे, तो एक पापुद्रा काढे. गुरुवारी दुपारी लाकूड आणि कागद एक झाले, रात्रीपर्यंत पेट्याही झाल्या.

शुक्रवारी लोखंड ओतलं. वाळूत ते दोन दिवस थंड होत राहिलं आणि त्याला घाई करायला कुणाची हिंमत झाली नाही. सोमवारी वाळू फोडली. जेरेने आपल्या पट्टीने मापलं. बाहेरचा व्यास सहाशे चाळीस. तिने पुन्हा मापलं. मग कासोंडेकडे न बघता म्हणाली, "माकडं खाऊनसुद्धा."

मधलं भोक लेथवर, म्हणजे कातण्याच्या यंत्रावर, कातून झाल्यावर चाकात दांडा घातला आणि दांडा दोन सपाट रुळांवर ठेवला. एखादी बाजू जड असेल तर ती आपोआप खाली येते. कासोंडेने चाकाला टिचकी मारली. ते फिरलं, सावकाश झालं, थांबलं. सगळी फाउंड्री बघत होती. ते मागे वळलं नाही. त्याने दुसऱ्या ठिकाणी थांबवलं, तिथेही ते राहिलं. जिथे सोडावं तिथे. ऐंशी किलो लोखंडाला वर-खाली असं काही उरलंच नव्हतं. भट्टीवाल्यांनी हातमोजे काढले.

संध्याकाळी जेरे ड्रॉइंग कायमचं जपून ठेवायला बसली. कोपऱ्यात एक चौकट होती, 'मूळ ड्रॉइंग क्रमांक'. रिकामी सोडली तर कॉम्प्युटर पुढे जाईना. तिने 'बा कासोंडे' लिहिलं. कॉम्प्युटर म्हणाला, फक्त अंक चालतील.

"तुमचा हजेरीचा नंबर काय हो?"

"चारशे सतरा. का?"

"सहज."

महिनाअखेर कासोंडेला सगळ्यांनी केक आणि घोंगडी दिली. घोंगडीवर माकडाचं चित्र होतं. कुणी निवडली, हे विचारायची गरज नव्हती.

पाणी उतरलं तेव्हा खाणीने आणखी दोन चाकं मागवली. ती निघाली त्या सकाळी ट्रक फाटकाशी थांबला. मागच्या खोक्यांवर काळ्या रंगात ड्रॉइंग क्रमांक लिहिला होता, चारशे सतरा, दोन्हींवर. शेजारी हजेरीच्या फळ्यावर चारशे सोळाचा बिल्ला होता, चारशे अठराचा होता, आणि मधला खिळा रिकामा होता. फाटकवाल्याने खोकी वाचली, फळा वाचला, आणि फाटकाचा दांडा नेहमीपेक्षा थोडा जास्त वर उचलला.