तिसरी बाटली

माझी बायको व्हर्ना गेली ते मला सत्तावीस जूनला सकाळी अकराच्या सुमारास कळलं. मी तळघरात आमच्या छोट्या बारच्या फळीला नवा स्क्रू लावत होतो. तिचा भाऊ नॉर्बर्ट तिला हृदयाच्या तपासणीसाठी ग्रीन बेच्या हॉस्पिटलात घेऊन गेला होता, कारण माझी गाडी ब्रेकच्या कामाला टाकली होती. फोन त्याचाच आला. म्हणाला, "क्लेम, आधी खाली बस."

मी उभाच राहिलो. तो म्हणाला की ती लिफ्टमध्ये पडली, डॉक्टर शेजारीच उभे होते, त्यांनी बरंच काही केलं. मी विचारलं, किती वाजेपर्यंत परत याल. त्याने पुन्हा माझं नाव घेतलं. तेव्हा मला कळलं.

सेहेचाळीस वर्षांत मी आमच्या घरात एकही पेय बनवलं नव्हतं. ते तिचं काम होतं. शनिवारी चार वाजता ती खाली यायची, जाड बुडाच्या ग्लासात साखरेची वडी ठेवायची, वर बिटर्स या कडू अर्काचे चार थेंब, संत्र्याची फोड आणि चेरी घालून लाकडी दांड्याने ठेचायची. मग ब्रँडी, बर्फ आणि वरून थोडा गोड सोडा. बाहेरच्या राज्यांतले लोक या पेयात, ओल्ड फॅशन्डमध्ये, व्हिस्की घालतात हे तिला ठाऊक होतं, पण त्याबद्दल ती अशी बोलायची जणू ते लोक जेवायला चमचाच वापरत नाहीत. ब्रँडी निवडताना ती भारी बाटलीकडे बघायचीही नाही. म्हणायची, संत्रं आणि साखर घालून ठेचायचंच आहे तर साधी, गोडसर ब्रँडीच बरी. चांगली ब्रँडी त्यात मरते, आणि कडक मद्य बाकी सगळ्यांना मारतं.

हे शेवटचं वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं असेन. त्याचा अर्थ चवीपुरताच आहे असं मला वाटायचं.

दर जुलैत ती चेरी भिजत घालायची. आमच्या भागात बऱ्याच घरांत हे करतात. आंबट चेरी, साखर आणि ब्रँडी मोठ्या काचेच्या बरणीत घालून तळघरात ठेवायची, नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आठवड्यात गाळायची, बाटल्या भरून जवळच्यांना द्यायच्या. तिची चेरी-ब्रँडी इतरांपेक्षा वेगळी लागायची, पिताना मागून बदामासारखी चव यायची. लोक विचारायचे तेव्हा ती हसून विषय बदलायची.

जुलैच्या मध्याला चेरीच्या बागेतून फोन आला की दहा पौंड चेरी दरवर्षीप्रमाणे बाजूला काढून ठेवली आहे, व्हर्ना कधी येते? ती गेल्याचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मीही फोनवर सांगू शकलो नाही. म्हणालो, मी येतो. चेरी घरी आणली, आता ती फेकायची कशी, म्हणून तिचं कार्ड शोधलं. त्यावर तिच्या बारीक अक्षरात चारच जिन्नस होते. चेरी, साखर, ब्रँडी, बिया. बियांच्या खाली एक रेघ ओढलेली, आणि शेजारी लिहिलेलं, फोडून. माप कशाचंच नव्हतं. स्वतःसाठी लिहिताना कोण माप लिहितो?

मी दहा पौंडांतल्या सगळ्या बिया काढल्या. धुऊन, वाळवून, धान्याच्या पोत्यात घातल्या आणि गॅरेजच्या फरशीवर हातोड्याने फोडल्या. दोन दुपारी गेल्या. काम करायला मिळालं म्हणून मला बरंच वाटलं. तो सगळा चुरा मी बरणीत ओतला.

ब्रँडी घ्यायला दुकानात गेलो तर तिथला माणूस म्हणाला की फळाचा अर्क काढायचा असेल तर ब्रँडी कमजोर पडते, धान्याचं कडक मद्य घ्या, ते सगळं ओढून काढतं. पाण्यासारखं स्वच्छ, बाटलीवर आगीचं चिन्ह. मी तेच घेतलं. व्हर्ना असती तर तिने दुकानातच माझी खरडपट्टी काढली असती.

चार महिने बरणी तळघरात होती. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या मंगळवारी मी फडक्यातून गाळलं. तीन बाटल्या भरल्या. बाटल्यांवर चिकटवायला तिने आधीच लिहून ठेवलेल्या चिठ्ठ्या ड्रॉवरमध्ये होत्या, "व्हर्नाकडून". त्या लावल्या. एक बाटली शेजारच्या आर्लीनबाईंना दिली, एक नॉर्बर्टला, एक माझ्यासाठी ठेवली.

शनिवारी, हरणांच्या शिकारीचे शेवटचे दोन दिवस उरले होते तेव्हा, मी चार वाजता पहिल्यांदा स्वतः ग्लास काढला. साखर, बिटर्स, संत्रं. ब्रँडी थोडी, आणि ती घालायची तसंच बाटलीतलं चेरीचं मद्य, औषधाच्या मापाएवढं. मला धीर धरवला नाही, मी दोनदा ओतलं. बदामाचा वास एवढा आला की मला ती खोलीत आहे असं वाटलं. अर्धा ग्लास संपवला.

पंधरा-वीस मिनिटांनी डोकं जड झालं. मग छाती धडधडायला लागली, तोंडात कडू पाणी यायला लागलं. मला वाटलं, हे रडणं आहे, ते असंच कुठूनही बाहेर येतं. मी टेबलाला धरून उभा राहिलो आणि बरणीतला चोथा ज्या बादलीत टाकला होता तिच्याकडे बघितलं. बियांचा चुरा. बदामाचा वास.

मला वडिलांची कालवड आठवली. मी नऊ वर्षांचा असेन. वादळात चेरीची फांदी मोडून कुंपणात पडली होती, कालवडीने तिची सुकलेली पानं खाल्ली आणि जेवणाच्या वेळेपर्यंत ती पाय ताणून पडली होती. तिच्या तोंडाजवळ वडिलांनी मला वाकू दिलं नव्हतं. आमच्याकडे शेतावर वाढलेल्या कोणालाही हे माहीत असतं की चेरीच्या पानांपासून जनावरं दूर ठेवायची. पानात जे विष आहे ते बीमध्येही असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मी दोन दुपारी हातोडा घेऊन बसलो होतो, आणि ते एकदाही डोक्यात आलं नाही.

विषबाधेच्या मदतकेंद्राचा नंबर फ्रिजवर होता, नातवंडं लहान असताना व्हर्नाने लावलेला. फोनवर एक तरुण बाई होती. तिने शांतपणे एकेक गोष्ट विचारली. किती प्यायलात, केव्हा, वजन किती, श्वास नीट येतोय का. बिया अख्ख्या होत्या की फोडलेल्या?

"फोडलेल्या," मी म्हणालो.

"मूठभर?"

"सगळ्या. दहा पौंडांच्या."

ती जरा वेळ टाइप करत राहिली. मग म्हणाली की तुम्ही घेतलंय ते थोडं आहे, बहुतेक निभावेल, पण एकटे राहू नका, गाडी चालवू नका, श्वास लागला तर लगेच अँब्युलन्स बोलवा, मी ती आत्ता पाठवू का? मी नको म्हणालो. मग तिने विचारलं, "मिस्टर डेलफॉस, हे तुम्ही आणखी कोणाला दिलंय का?"

आर्लीनबाईंचं घर माझ्या दारातून दोनशे पावलांवर आहे. मी कोट न घालता निघालो. आधी फोन केला होता, त्यांनी उचलला नव्हता. त्या एक्याऐंशीच्या आहेत आणि रोज झोपण्यापूर्वी एक छोटा ग्लास घेतात. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. वाटेत मी ते मोजत होतो. बर्फ घोट्यापर्यंत होता. दार ठोठावलं. आतून टीव्हीवरच्या फुटबॉलचा आवाज येत होता, माणसाचा नाही. खिडकीतून बघितलं तर त्या खुर्चीत, मान एका बाजूला, तोंड उघडं. खुर्चीशेजारच्या तिवईवर माझी बाटली, अर्धी रिकामी.

दाराला कुलूप नव्हतं. मी आत गेलो आणि तीन पावलांवर थांबलो. पुढे जाऊन हात लावायची माझी हिंमत होईना. जूनमध्ये हॉस्पिटलात व्हर्नाला बघायला गेलो तेव्हाही मी असाच दारात थांबलो होतो.

"दार लाव, गारठा येतोय," आर्लीनबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

मी जमिनीवरच बसलो. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं की मी प्यायलोय का. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या की मंगळवारी घेतलं होतं, रात्रभर डोकं ठणकलं आणि उलटीही झाली, तेव्हापासून रोज थोडं सिंकमध्ये ओतत होत्या.

"ओतत होता? मग मला सांगायचं ना."

"काय सांगू? बायको गेल्यावर पहिल्यांदा काहीतरी केलंस, आणि ते माझ्या पोटाला मानवत नाही, हे सांगू? बाटली संपलेली दिसली की तुला बरं वाटलं असतं."

मदतकेंद्राच्या त्या बाईला मी पुन्हा फोन लावला आणि आर्लीनबाईंशी बोलायला दिलं. चार दिवसांपूर्वीचं आहे, आता धोका नाही, असं तिने सांगितलं. उरलेली अर्धी बाटली मी त्यांच्या सिंकमध्ये रिकामी केली आणि हात तीनदा धुतले.

नॉर्बर्ट फोन उचलत नव्हता. सहा वेळा केला. त्याचं हृदयही व्हर्नासारखंच कमजोर, एकाच आईकडून आलेलं. तो एकटा राहतो, आणि शिकारीच्या दिवसांत तो झाडावरच्या मचाणावर दिवसभर बसतो, थर्मास आणि खिशात अंग गरम ठेवणारं काहीतरी मद्य घेऊन. मला तो मचाणाखाली पडलेला दिसत होता. मी डोळे मिटले तरी दिसत होता.

पावणेसहाला आर्लीनबाईंच्या अंगणात त्याचा ट्रक आला. माझं घर उघडं आणि रिकामं बघून तो शोधत आला होता. नारिंगी जाकीट, दाढीत बर्फ. मी दारातच त्याचा दंड धरला आणि विचारलं, किती प्यायलास.

"काय किती?"

"बाटली, नॉर्बर्ट. मी दिलेली."

तो खाली बघू लागला. त्याला लाज वाटतेय हे मला कळलं, आणि माझी भीती एकदम ओसरली. त्याने घेतलेलं नव्हतं.

"खरं सांगू का? तुझ्या हातचं कोण पिणार? तू टोस्टसुद्धा जाळतोस," तो म्हणाला. मग हळू म्हणाला, "आणि वर तिचं अक्षर. मला ते घरात ठेवताही येईना आणि फेकताही येईना. म्हणून देऊन टाकली."

"कोणाला?"

बुधवारी चौकातल्या बारमध्ये मांसाची सोडत होती. आमच्याकडे हिवाळ्यात दर आठवड्याला असते, तिकिटं विकायची आणि डुकराच्या मांड्या, बेकनची पाकिटं बक्षिसात द्यायची, जमलेला पैसा अग्निशमन दलाला. नॉर्बर्टने बाटली तिथे टेबलावर ठेवली होती, शेवटच्या बक्षिसाबरोबर. तो म्हणाला की लोकांनी चिठ्ठी ओळखली, व्हर्नाची बाटली आहे म्हटल्यावर तिकिटं पटापट गेली.

आम्ही त्याच्या ट्रकमधून बारवर गेलो. काउंटरवरच्या मुलीला आठवत होतं. बाहेरचा माणूस, शिकारीला आलेला, चाळिशीचा, गाडीला शेजारच्या इलिनॉय राज्याची नंबरप्लेट. बरोबर आणखी दोघे. तो म्हणाला होता की ही बाटली आता प्यायची नाही, हरीण मिळालं की जंगलातल्या शिकारीच्या शिबिरात सगळ्यांनी मिळून उघडायची. तिकिटावर नाव लिहायची पद्धत नाही. पैसे रोख दिले होते.

नॉर्बर्टने विचारलं की कुठलं शिबिर. तिला माहीत नव्हतं. मी तिथल्या तिथे शेरीफच्या, म्हणजे जिल्ह्याच्या पोलिसांच्या, कचेरीत फोन केला. त्यांनी सगळं लिहून घेतलं, मला दोनदा नाव विचारलं, आणि म्हणाले की या आठवड्यात जिल्ह्यात इलिनॉयच्या गाड्या शेकड्याने आहेत, तरी रेडिओवर सूचना देतो. नॉर्बर्ट आणि मी आठ वाजेपर्यंत उत्तरेकडच्या सात मोटेलांत जाऊन आलो. दर ठिकाणी मला तेच सांगावं लागलं, माझी बायको गेली, मी तिची चेरी केली, ती पिऊ नका. तिसऱ्या मोटेलपासून नॉर्बर्टने सांगायला घेतलं. तो माझ्यापेक्षा कमी शब्दांत सांगायचा.

रविवारी आम्ही जंगलातल्या अकरा शिबिरांवर गेलो. काहींनी आम्हाला कॉफी दिली, एकाने हसून विचारलं की बायकोचं नाव वापरून विष वाटतोस का. नॉर्बर्टने त्याला पुढे बोलू दिलं नाही. संध्याकाळी शिकार संपली. महामार्गावर दक्षिणेकडे गाड्यांची रांग लागली, छतावर हरणं बांधलेली. मी पेट्रोल पंपाच्या कडेला उभा राहून इलिनॉयच्या नंबरप्लेटा वाचत होतो. हात करून थांबवलेल्या दोघांनी मला वेडा समजून काच वर केली.

आता डिसेंबरची नऊ तारीख आहे. शेरीफच्या कचेरीकडून काही कळलेलं नाही. बारच्या दारावर, पंपावर आणि दोन्ही दुकानांत मी कागद लावले आहेत. शिकागोच्या तीन वर्तमानपत्रांना लिहिलं, एकाने छापलं. रोज सकाळी मी त्या भागातल्या मृत्यूच्या बातम्या वाचतो, चाळिशीचा पुरुष, किंवा एकाच वेळी गेलेले तीन मित्र. आर्लीनबाई म्हणतात की त्याने बाटली उघडून थुंकून टाकली असेल, एवढी कडू होती. असेलही.

तो माणूस सापडलेला नाही. बाटली परत आलेली नाही.