बांधाची आतली बाजू

बांधाची लांबी एकशे चौऱ्याण्णव पावले. उंची मधोमध बारा हात. माथ्यावर बाभळी सात, त्यांतली एक वाळलेली. बाहेरच्या उतारावर खेकड्यांची बिळे एकतीस आणि पाझराची जागा एक. पायथ्याशी घरे अकरा. माणसे त्रेचाळीस, पाळण्यातली दोन धरून.

शके १८०९च्या श्रावणातल्या एका उघडिपीच्या सकाळी गुरुदत्तने हे सारे वहीत उतरवले. पुण्यास स्थापत्याची परीक्षा देऊन तो कल्याणाजवळच्या आपल्या गावी आला होता. वडील लहानपणीच वारले. त्याला वाढवले ते काकांनी, म्हणजे त्र्यंबकरावांनी. तळे त्यांच्या खाजगी मालकीचे. पायथ्याची अकरा घरे महारांची. गावाने त्यांना जागा दिली होती ती तेवढीच.

बांधाची राखण करणाऱ्या, त्याच वस्तीतल्या भिवाने पाझराखाली घागर धरली. गुरुदत्तने आकडे मोजले. नव्वदाला घागर भरली. त्यातले लोटाभर पाणी त्याने बाजूला ठेवले. घटकाभराने तळाशी बोटभर गाळ बसला.

"औंदापातुर पानी निवळ यायचं," भिवा म्हणाला. "आता बगा, नांगरटीच्या पान्यावानी."

"म्हणजे बांध आतून धुपतोय. तू काय करतोस यावर?"

"चिखल थापतो. तीन सालं थापतोय. जखमंवर सदरा घातल्यावानी. भोक आत हाय मालक, बुजवाया पायजे आतनं."

"मग बुजवलं का नाहीस?"

भिवा हसला. "आत पाय घातला तर पाय ऱ्हाईल व्हय?"

प्रश्न विचारल्याची गुरुदत्तला लाज वाटली. तळ्याच्या पाण्याने सोमेश्वराला अभिषेक होई. बांधाची बाहेरची बाजू भिवाने सांभाळायची आणि आतल्या बाजूला त्याने बोट लावायचे नाही, अशी आजोबांपासूनची वहिवाट. कुणबी गडी आत उतरत ते म्हशी धुवायला. खेकड्याचे बीळ तळव्याने चाचपून शोधण्याची विद्या होती फक्त भिवाच्या घरी.

काका ओसरीवर सुपारी कातरत होते. गुरुदत्तने गाळाचा लोटा समोर ठेवला.

"काका, मोरी उघडून पाणी चार हात उतरवू या."

"आणि भाद्रपदात गणपती काय चिखलात बुडवायचे?"

"मग भिवाला आत उतरू द्या. एका दिवसाचं काम आहे."

अडकित्ता थांबला. "गुरुदत्ता, चार बुकं शिकलास म्हणून देवाचं पाणी बाटवणार?"

"निदान वस्ती तरी वर चिंचेखाली हलवू द्या. पावसापुरती."

"चिंचेखाली? देवळाच्या वाटेवर?" काका उठलेच. "पन्नास वर्षं उभा आहे बांध. त्याला काही होत नाही."

दोन दिवस पाऊस कोसळला. तिसऱ्या सकाळी घागर चाळिसाला भरली. पाण्यातून आता वाळूचे खडे येत होते. गुरुदत्त पुन्हा काकांकडे गेला आणि तसाच परत आला.

पायथ्याशी भिवाची बायको रखमाबाई दारात बसून गुरुदत्तचे तोंड न्याहाळत होती. "नाय म्हणाले ना?"

"नाही म्हणाले."

"तुमी मोजताय तर ब्येस. पन मोजून पानी थांबतं का, दादा?" ती उठली. "बुडून मेलो तर पानी सोडनार नायत. आन आमी पान्याला शिवलो तर?"

गुरुदत्तला उत्तर ठाऊक होते. ते आपल्याला आधीच सुचले होते आणि बोलायचे धैर्य झाले नव्हते, हेही त्याला ठाऊक होते.

रखमाबाई घागर घेऊन बांध चढू लागली.

"अगं ए, जीव घेतील!" भिवा ओरडला.

"त्ये पानी बी घेनारच हाय. पोरांना काढा घरातनं!"

ती माथ्यावरून आतल्या बाजूला उतरली, गुडघाभर पाण्यात गेली आणि घागर बुडवली. पलीकडच्या काठावर म्हशी धुणाऱ्या पोपटने बोंब ठोकली. बघता बघता माणसे जमली. पहिला दगड तिच्या खांद्याला लागला, दुसरा घागरीला. ती हलली नाही.

गुरुदत्त माथ्यावरच थांबला होता. तिसरा दगड उचललेला पाहून तो धावला, पाण्यात तिच्यापुढे उभा राहिला आणि घागरीला ओंजळ लावून सगळ्यांदेखत प्याला.

दगड हातातच राहिले. काठी घेतलेले काका गर्दीतून पुढे आले.

"बाजूला हो."

"काठी आधी माझ्यावर पडू द्या, काका."

काकांनी काठी खाली टेकली. मग तोंड फिरवून ओरडले, "पोपट! मोरी उघड! बाटलेल्या पाण्याचा थेंब ठेवू नकोस तळ्यात!"

रखमाबाईने घागर कमरेवर घेतली. "उघड रं बाबा. बेगीन उघड."

"एकदम नको, पोपट," गुरुदत्त म्हणाला. "एकेक दट्टा काढ. बांध खचेल."

वस्तीपासून दूर, ओढ्याच्या वाटेने पाणी चार दिवस वाहत होते. त्या दिवसापासून गुरुदत्तचे पान घराबाहेर गोठ्यात मांडले जाऊ लागले. भिवाची राखण गेली. रखमाबाईचा हात महिनाभर खांद्याच्या वर गेला नाही.

पाचव्या सकाळी तळे रिकामे झाले. आता बाटायला काही उरले नव्हते, म्हणून भिवाला आत जायला कोणी अडवले नाही. चिखलात तळवे टेकवत तो चालला आणि एका जागी थांबला.

"हितं."

नारळ जाईल एवढे भोक होते. गुरुदत्तने बांबूची लवचीक कांब आत सरकवली. ती अडली तेव्हा खूण करून बाहेर ओढली आणि दोघांनी मोजली. मग वही उघडून त्याने लिहिले:

त्या जागी बांधाची जाडी बावीस हात. कांब आतून गेली सतरा हात.