भागीदाराची रिकामी ओळ

“मावशी, हे बाक तुम्ही बनवलंत, की नुसतं उचलून आणलंत?”

मावशींना असं विचारून दाखवायची मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि पैज म्हटल्यावर तोफ मागे हटते होय! घरीदारी तिला तोफच म्हणत. वक्तृत्वाची ढाल मिळाल्यापासून तर तिचं तोंड मिटतच नव्हतं.

वेल्डरमावशींनी खांद्यावरचं नमुन्याचं बाक शाळेच्या व्हरांड्यात टेकवलं. “दोन्ही केलं गं. का, तुला उचलून बघायचंय?”

मैत्रिणी खिदळल्या. तोफही हसली, पण अर्धंच. उत्तर तिला आधीपासून ठाऊक होतं ना!

शाळेला दोनशे बाकं हवी होती. तोफेचे बाबा सुतार. एकट्याच्या आवाक्यातलं ते काम नव्हे. म्हणून त्यांनी शेजारच्या गाळ्यातल्या मावशींशी हातमिळवणी केली. फळ्या बाबांच्या, लोखंडी सांगाडे मावशींचे. टेंडरचा अर्ज भरला तोफेनं, अक्षर झकास म्हणून. ‘भागीदार’ या ओळीपाशी तिचं पेन अडलं. अर्ज शाळेच्या फलकावर लागणार, मैत्रिणी वाचणार, ‘ती भंगाराशेजारची वेल्डिंगवाली तुमची पार्टनर?’ म्हणून नाकं मुरडणार. तिनं ओळ कोरी सोडली. लेकीनं भरलंय म्हणजे चोखच, असं म्हणून बाबांनी न वाचता सही ठोकली.

आता शिपाई हातातला अर्ज बघून म्हणाला, “फक्त अर्जदारांनी पुढे या. हमाल बाजूला.”

“अहो, ह्या माझ्या भागीदार…” मावशींच्या मागून आलेले बाबा गडबडले.

“कागदावर नाही.”

“जाऊ द्या हो दादा,” मावशी हळूच म्हणाल्या, “आधी काम तर मिळू दे.” आणि त्या फरशीवर बसल्या. बाकावर नाही. नमुना मळेल म्हणून.

मुख्याध्यापिकाबाईंनी बाक चारही बाजूंनी हलवून पाहिलं. “फरशी एवढी उंचसखल, तरी हे डुगडुगत नाही ते?”

“पायाला खाली फिरता…” मावशींनी सुरुवात केली.

“तुम्ही थांबा. मालकांना बोलू द्या.”

बाबा चाचरत म्हणाले, “पायाखाली फिरता स्क्रू आहे. जमिनीप्रमाणे वर-खाली होतो.”

“वा! छान डोकं चालवलंत.”

बाबांनी मान खाली घातली. तोफ दोन हात अंतरावर उभी होती. तिचं न मिटणारं तोंड नेमकं तेव्हा मिटलं. कानाच्या पाळ्या तापल्या, मैत्रिणींच्या कोपरखळ्याही तिला कळल्या नाहीत.

काम मिळालं. संध्याकाळी आईनं खुशीत चहात दुप्पट साखर घातली, पण बाबांचा कप तसाच निवत होता.

“कुठल्या तोंडानं मावशींसमोर जाऊ? त्यांचं नाव गळलं कसं, देव जाणे.”

“देवाला कशाला मधे आणता?” तोफ म्हणाली. आवाज चिरकला. “मी गाळलं. मुद्दाम. मला लाज वाटत होती.”

आईच्या हातातली बशी वाजली. बाबांनी निवलेला कप बाजूला सारला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“उद्या मावशींना घेऊन मी बाईंकडे जाणार,” तोफ म्हणाली. “ती ओळ कोणी कोरी सोडली आणि तो स्क्रू कोणाचा, सगळं सांगणार.”

“अगं, हातचं काम जाईल!” आई म्हणाली.

“जाईलही. पण मी सांगणार. आणि बाईंच्या आधी मैत्रिणींना सांगणार, की प्रश्न विचारताना मला उत्तर माहीत होतं.”