झुलालचे साल

मित्रांनो, मला कोणी 'जुनी' म्हटले की राग येतो आणि 'नवी' म्हटले की हसू येते. माझी चाके गेल्या वर्षीची, हँडल त्याच्या आदल्या वर्षीचे आणि सीट तर यंदाच अमळनेरहून आली. जुने आहे ते फक्त इंजिन. शहरातली मुले मला एटीव्ही म्हणतात. चोपड्याजवळच्या आमच्या गावात मी चार चाकांची फटफटी आहे, आणि मला तेच नाव आवडते.

मला घडवले नीलेशने. अमळनेरला त्याचे वेल्डिंगचे दुकान आहे आणि त्याचे वडील निंबा आबा गावी केळी नि कापूस पिकवतात. पाइप वाकवून त्याने माझा सांगाडा केला, रिक्षाची चाके लावली आणि इंजिन बसवले ते झुलालच्या मोटारसायकलचे.

झुलाल कोण, ते आधी सांगते. तो आबांचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. आमच्या खान्देशात सालदाराचे साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला सुरू होते आणि पुढच्या आखाजीला संपते. त्या दिवशी आबा त्याला पुरणपोळी वाढायचे, नवे कपडे द्यायचे आणि सगळ्यांसमोर म्हणायचे, "तुनं साल भरायनं." म्हणजे तुझे साल पुरे झाले. एवढे ऐकले की झुलाल मोकळा. एरवी दुपारी लाइट आली आणि विहिरीवरची मोटर घरघरली, की हातातला घास टाकून तो मोटारसायकलवर केळीत जायचा आणि पाण्याचा कॉक उघडायचा. एका चैत्रात, आखाजी अगदी तोंडावर आलेली असताना, त्याला तिथेच ऊन लागले. बांधावर पडला तो उठलाच नाही. देणेघेणे सगळे आबांनी त्याच्या बायकोला, सुगंधाबाईंना घरी नेऊन दिले. फक्त ते शब्द म्हणायचे राहून गेले. गेलेल्या माणसाला कोण कशाला म्हणतो?

काही दिवसांनी सुगंधाबाईंनी त्याची मोटारसायकल आबांच्या दारात आणून लावली. "घरमा नको," त्या म्हणाल्या, "दुपार व्हयनी का गरम व्हस." लोकांना वाटले, बिचारी दुःखाने काहीतरी बोलते आहे.

पण आखाजीला आमच्या घरी काय धमाल असते म्हणून सांगू! लेकी माहेरी येतात. कडुनिंबाला झोके बांधतात. गावात पत्त्यांचे डाव बसतात, पण आमच्या घरात पत्त्यांना बंदी, म्हणून अख्खे घर माझ्या मागे लागते. दर आखाजीला नीलेश माझ्यात काहीतरी बदलतो, आणि जावई, भाचरे सगळे सल्ले द्यायला उभे! एकाला मोठी चाके हवीत, दुसऱ्याला कर्कश सायलेन्सर. मग कापूस निघालेल्या मोकळ्या रानात आळीपाळीने माझ्यावर बसायचे, धुरळा उडवायचा आणि पडले की एकमेकांना हसायचे. खोटे कशाला बोलू, मला ते लाड फार आवडायचे.

फक्त एक गोष्ट मला सुरुवातीपासून खटकत होती. दुपारी लाइट आली, की माझे हँडल आपोआप केळीच्या बाजूला वळायचे.

"गाडी डावीकडे ओढते रे," नीलेश म्हणायचा. पहिल्या वर्षी त्याने हँडल बदलले, दुसऱ्या वर्षी चाके, सोबत सांगाडाही नव्याने जोडला. ओढ काही गेली नाही. एरवी मी शेडमध्ये साखळीने बांधलेली असे. तरी लाइट आली की माझे इंजिन तापू लागायचे. सीट थोडी खाली दबायची. बिडीचा वास यायचा. जरा वेळाने तिकडे केळीत कॉक उघडा सापडायचा, आणि तिकडे तर कोणीच गेलेले नसायचे. मला भीती वाटायची हो! माझ्यावर कोणीतरी बसले आहे हे मला कळत होते, आणि ओरडायला मला तोंड नव्हते.

"आबा, कॉक कोणी उघडला?" नीलेशने एकदा विचारले.

"उघडा शे ना? मग ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले.

नवा सालदारही त्यांनी लावला नाही. केळी मात्र गावात सगळ्यात हिरवीगार. तेव्हा मला कळले, आबांना सगळे ठाऊक आहे. इतका इमानी माणूस हातचा जाऊ नये, म्हणून ते गप्प बसले आहेत. मला त्यांचा असा राग यायचा!

यंदा आबांनी केळीच्या जुन्या वाटेवरच शेततळे खोदले. खूप खोल, आत काळा प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला, काठोकाठ पाणी. घसरले तर धरायला काही नाही. झुलाल होता तेव्हा तिथे सरळ वाट होती.

यंदाच्या आखाजीला धुळ्याहून आबांची लेक ज्योत्स्ना आली, तिच्याबरोबर सात वर्षांची मोहिनी आली. आमरस-पुरणपोळी खाऊन घर पेंगत होते. नीलेशने मला साखळी सोडून अंगणात घेतले होते. नवी सीट आवळून झाल्यावर तो पाणी प्यायला आत गेला. किल्ली त्याच्या खिशात होती. मोहिनी हळूच येऊन माझ्यावर बसली.

आणि लाइट आली. विहिरीवरची मोटर घरघरली.

मी किल्लीशिवाय चालू झाले. सीट दबली. ब्रेक माझे, चाके माझी, पण माझे काही चालेना. अंगण गेले, झोका गेला, मी जुन्या वाटेला लागले. समोर उन्हात शेततळे चमकत होते. मोहिनीच्या मागे बसलेल्याला ते दिसतच नव्हते. त्याला फक्त वाट दिसत होती. मागून ज्योत्स्नाची किंकाळी आली. नीलेश अनवाणी धावत सुटला.

"थांब!" ओट्यावरून आबा ओरडले. "झुलाल, थांब!"

थांबणार कसा? लाइट आली की थांबायचे नाही, हे आबांनीच तर त्याला शिकवले होते.

आबा धावता धावता पडले. गुडघ्यांवर उठून, दोन्ही हात जोडून रडत ओरडले, "झुलाल, तुनं साल भरायनं रे भाऊ! आते घर जाय!"

इंजिन बंद पडले. माझे पुढचे चाक शेततळ्याच्या कडेवर होते. खाली खडे घरंगळत पाण्यात पडत होते. सीट हलकेच वर आली.

नीलेशने मोहिनीला उचलून घेतले. ती मागे वळून पाहत होती. "मामा," तिने विचारले, "ते काका उतरून कुठे गेले?"

आबांनी घरात जाऊन नवे कपडे आणि पुरणपोळीचे ताट घेतले, आणि मलाही ढकलत बरोबर न्यायला सांगितले. सुगंधाबाई दारातच बसल्या होत्या. पुढ्यात घासून पालथे घातलेले एक ताट होते.

आबा मान खाली घालून म्हणाले, "अक्का, मनं चुकनं."

सुगंधाबाईंनी कपडे घेतले, छातीशी धरले. "रोज दुपारले ताट वाढीसन वाट दखू, आबा," त्या म्हणाल्या. "आज उना. जेवीसन गया."

त्यानंतर आबांनी नवा सालदार लावला. शेततळ्याला तारेचे कुंपण आले. मी अजून धावते, पण आता किल्ली लावल्याशिवाय हलत नाही, आणि हँडल सरळ राहते. मित्रांनो, यंत्राला तेल घाला, साखळी घट्ट ठेवा, ते तर कराच. पण तुमच्यासाठी जो राबतो, त्याचे काम संपले की त्याला ते तोंडाने सांगा. तो आपणहून थांबत नाही म्हणून त्याला राबवत ठेवू नका. माझ्यावर विश्वास नसेल तर मे महिन्यात भर दुपारी आमच्या शेडमध्ये या आणि माझ्या इंजिनावर हात ठेवून बघा. आता ते गार असते.