जंगलाचा मधला थर

मी एक जुना संगणक आहे. मित्रांनो, माझा पंखा आता इतका घरघरतो की खोलीत कुणाला निवांत बोलायचं असलं, तर आधी मला बंद करतात.

उमेदीच्या काळात माझं काम निगुतीचं होतं. एक उपग्रह जंगलावरून जाताना रडारच्या लहरी सोडायचा. शेंड्यांवरून, फांद्यांवरून, जमिनीवरून परतलेल्या लहरींचा नुसता गुंता माझ्याकडे यायचा. एका फेरीत तो सुटत नसे. उपग्रह दर खेपेला किंचित वेगळ्या वाटेने जाई. त्या सगळ्या फेऱ्या जुळवून मी जंगलाचे थर वेगळे करायचो, म्हणजे कोणत्या उंचीवर किती झाडोरा आहे ते कळे.

या कामासाठी माझ्यापुढे एक संशोधक बाई बसायच्या. त्यांचे वडील त्याच जंगलाचे वनरक्षक होते. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ते घरीच असत आणि लेकीला रोज जंगलाची खुशाली विचारत.

बाईंच्या साहेबांना जंगलाचा अहवाल धाडायची घाई होती. वरून काढलेल्या फोटोत सगळं हिरवंगार दिसतंय, तेवढं पुरे, असं त्यांचं म्हणणं. बाई मात्र थर सुटेपर्यंत अडून बसल्या. उपग्रहाची वाट जरा हलली की हिशेब मुळापासून मांडायचा. माझा जीव मेटाकुटीला आला.

अखेर चित्र उमटलं. वर दाट छत, खाली उघडी जमीन आणि मधला थर रिकामा. बाईंनी माणसं पाठवून खात्री करून घेतली. मग वडिलांना हाताला धरून माझ्यापुढे आणलं.

"लहान झाडं कुठायत?" त्यांनी विचारलं.

"नाहीत, बाबा. कोंब फुटला की गुरं खातात. ही म्हातारी झाडं पडली की संपलं."

ते खुर्चीत टेकले. "जंगल छान आहे म्हणाली असतीस, तर मी मानलं असतं," ते म्हणाले. "बरं केलंस, तसं म्हणाली नाहीस."

साहेबांनी अहवाल बदलला. जंगलाला कुंपण घातलं गेलं. बऱ्याच वर्षांनी उपग्रहाच्या फेऱ्या पुन्हा माझ्याकडे आल्या, तेव्हा त्या रिकाम्या थरात पुसटसा झाडोरा दिसला. बाईंनी घरी सांगायला फोन उचलला, आणि तसाच खाली ठेवला. फोन घ्यायला बाबा आता नव्हते.

हल्ली हे काम नवी यंत्रं चुटकीसरशी करतात. माझी तक्रार नाही, दमलोय मी. मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण वरवर ठीक दिसणाऱ्यांची आतून विचारपूस करा, खरी खुशाली ऐकायला माणूस आहे तोवर.